लेकुरवाळी भाजी

‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण मी प्रथम ऐकली ती दटावणीच्या सुरात. भोगीच्या ताटातील वांग्याच्या फोडी हळूच कडेला सारण्याची माझी लहानपणची खोड होती, आणि आई ती म्हण उच्चारून त्या फोडी पुन्हा ताटाच्या मध्यभागी आणून ठेवीत असे. पुढे मराठी घेऊन एम. ए. झालो, वर्गात मुलांना म्हणींचे अर्थ समजावून देऊ लागलो. तरी या म्हणीचा अर्थ मला नीट उमगला तो गेल्या वर्षीच्या भोगीला. तो उमगण्यापूर्वी माझ्या हातून एक आगळीक घडली. ती वाचकांपुढे मांडावी आणि त्या निमित्ताने या भाजीविषयी चार उपयोगाच्या गोष्टीही सांगाव्यात, एवढाच या महिन्याच्या लेखाचा हेतू आहे.

मकरसंक्रांतीचा आदला दिवस तो भोगीचा. आपले बहुतेक सण तिथीवर चालतात. संक्रांत मात्र सूर्याच्या राशिप्रवेशावर ठरते, म्हणून ती इंग्रजी तारखेला जवळजवळ चिकटून असते. ‘जवळजवळ’ एवढ्याचसाठी म्हटले की, पंचांगातील नाक्षत्र वर्ष ऋतुचक्राच्या वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे. त्यामुळे साधारण ७० वर्षांत ही तारीख एका दिवसाने पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. आमच्या लहानपणी संक्रांत १४ जानेवारीला येई. आता काही वर्षी ती १५ तारखेला येते आणि तिच्याबरोबर भोगीही एक दिवस पुढे जाते. जो सण आपण अचल समजतो तोसुद्धा असा मुंगीच्या पावलांनी चालत असतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढील हकिकतीशी त्याचा संबंध आहे.

तारीख सरकली तरी भोगीचे ताट शिवाराशी बांधलेले राहिले आहे. या दिवसांत शेतात आणि बाजारात जे जे हिरवे, कोवळे आणि दाण्यांनी भरलेले असते ते सारे एका पातेल्यात एकत्र येते. पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोले, तुरीचे ओले दाणे, मटार, ओल्या भुईमुगाचे दाणे, गाजर, लहान वांगी आणि चार आंबटगोड बोरे, या सर्वांवर भाजलेल्या तिळाचे कूट. शेंगांच्या पोटात दाणे आणि वांग्यांच्या पोटात बिया. कडेवर एक आणि बोटाशी एक अशी मुले घेऊन निघालेल्या आईसारखी ही भाजी दिसते, म्हणून ती लेकुरवाळी, असे आमची आजी सांगत असे. सातारा-पुण्याकडील खेड्यांत तिलाच खेंगट म्हणतात. सोबतीला तीळ थापलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि मुगाच्या डाळीची खिचडी. तिळाच्या दाण्यात वजनाने जवळजवळ निम्मे तेल असते आणि कडधान्यांच्या ओल्या दाण्यांतील प्रथिने बाजरीतील प्रथिनांची उणीव भरून काढतात. थंडीत अंगात ऊब धरण्यासाठी याहून शहाणपणाचे ताट शोधून सापडणार नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. आमची सूनबाई सुरतेकडची. लग्नानंतरची तिची ती पहिली भोगी. गेली पन्नासहून अधिक वर्षे आमच्या वडोदऱ्याच्या घरात ही भाजी आईनेच केली. अलीकडे ती खुर्चीवर बसून सांगते आणि माझी पत्नी करते. गेल्या वर्षी सूनबाई म्हणाली, “बाबा, या वेळी भाजी मी करू? आजींना विचारून करते.” मी आनंदाने होकार दिला.

दुपारी पाने मांडली गेली आणि स्वयंपाकघरातून पातेल्याऐवजी एक पसरट काचेचे भांडे बाहेर आले. भाजी खाली होती. वर बाजरीच्या भाकरीचा चुरा लोण्यात कालवून, तीळ पेरून, ओव्हनमध्ये बदामी होईपर्यंत भाजलेला होता. वास उत्तम येत होता, हे मला आज कबूल केले पाहिजे. त्या वेळी मात्र मी भांड्याकडे पाहून म्हणालो, “दिसते आहे छान, पण ही भोगी नव्हे.”

वाक्य लहान होते. शाळेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही, हाच त्याचा दोष. सूनबाईचा चेहरा उतरला. “संध्याकाळी आजींच्या पद्धतीची करते,” असे म्हणून तिने भांडे उचलले. मुलगा ताटाकडे पाहत राहिला. पत्नीने माझ्याकडे पाहिले ते मी पाहिले नाही असे दाखविले.

तेवढ्यात आई म्हणाली, “ते भांडं इकडे आण गं. मला आधी वाढ.”

तिने वाढून घेतले, खाल्ले, आणि पुन्हा मागून घेतले. ब्याऐंशी वर्षांची आई दुसऱ्यांदा मागून घेते हे दृश्य आमच्या घरात दुर्मीळ झाले होते. मग हात थांबवून ती मला म्हणाली, “अरे, दोन वर्षं झाली, मी भोगीची भाकरी खाल्लेली नाही. चावतच नाही मला. पानात घेत होते आणि वाटीखाली सारत होते. सणाच्या दिवशी कशाला सांगायचं? तुझ्या लक्षात आलं नाही. हिच्या आलं.”

नंतर कळले की, आदल्या दिवाळीत पाने उचलताना आईच्या वाटीखाली घडी घातलेली पोळी सूनबाईला सापडली होती. ती कोणाला काही बोलली नाही. भोगीला भाकरीचा चुरा भाजीच्या रसात मुरून मऊ व्हावा, वर मात्र खमंग लागावा, म्हणून तिने हा खटाटोप केला होता. भाजीतील बोरांच्या बियासुद्धा तिने एकेक करून काढल्या होत्या. पाचव्या बाकावरचा मुलगा पुस्तकाआड काय खातो हे मला फळ्याकडे तोंड असताना कळते. आणि शेजारच्या पाटावर बसलेली आई दोन वर्षे काय खात नाही, हे मला कळले नाही.

त्या रात्री मला एक जुनी आठवण झाली. तिशीत असताना एकदा भोगीच्या सुमारास सातारा जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी जाण्याचा योग आला. परमुलखात राहूनही आम्ही आपले सारे कसे जपले आहे, हे सांगण्याची मला मोठी हौस होती. आईच्या भाजीचे वर्णन मी मोठ्या अभिमानाने केले : सुरती पापडी, जांभळा कंद, रताळ्याच्या फोडी, मेथीचे मुठिये, वरून ओले खोबरे आणि कोथिंबीर. चुलत आत्या पाट्यावर तीळ वाटीत होती. तिने वरवंटा थांबविला आणि म्हणाली, “अरे लेकरा, ही आमची भोगी नाही रे. हे तर गुजरात्यांचं उंधियू!” तिच्या खेंगटात कंदही नव्हता आणि मुठियेही नव्हते, चाकवताची पाने होती, पावटा होता आणि झणझणीत घरचा मसाला होता. सगळे हसले. मीही हसलो, परंतु तो शब्द मला बराच काळ टोचत राहिला. आणि तोच शब्द, जसाच्या तसा, मी गेल्या वर्षी सूनबाईला ऐकविला.

आत्या चुकली नव्हती. अठराव्या शतकात गायकवाडांच्या सत्तेबरोबर मराठी कुटुंबे या भागात आली. त्यांच्या स्त्रियांनी बाजारात जे मिळाले ते पातेल्यात घातले. येथे पापडी मिळते, कंद मिळतो. शेजारणीच्या घरी उत्तरायणाला उंधियू आणि जिलबी असते. पिढ्यान्‌पिढ्या कुंपणावरून वाट्यांची देवघेव झाली आणि आमची भोगी अशी झाली. आमच्या शहरातील सेवउसळ पाहा. उसळ आपली, सेव त्यांची, आणि आता ती कोणाची हे कोणी विचारीत नाही.

बरे, उंधियू तरी परके आहे काय? ‘ऊंधु’ म्हणजे गुजरातीत उलटे. दक्षिण गुजरातेत वलसाडकडे पापडी आणि कंद मातीच्या मडक्यात भरतात, तोंडाशी रानपाला दाबतात, मडके उलटे ठेवून भोवती जाळ करतात. त्याला उंबाडियुं म्हणतात. आणि आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबागकडे, याच थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके उलटे करून भोवती जाळ पेटवितात, ती पोपटी. पाण्याचा थेंब नाही; शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावर सारे शिजते. दोन्ही बहिणी शेजारच्या किनाऱ्यावर राहतात, भाषा तेवढी निराळी बोलतात.

हाच प्रकार आपली मराठी माणसे जेथे जेथे वसली तेथे दिसतो. बेळगावकडे तिळाची बाजरीची भाकरी आणि कानडी शेजारणीची सज्जी रोट्टी यांत फरक शोधावा लागतो. हैदराबादेत तेलुगू घरांत भोगीच्या संध्याकाळी लहान मुलांच्या डोक्यावरून बोरे, उसाचे तुकडे आणि नाणी ओततात. आपले बोरन्हाण दुसरे काय आहे? ग्वाल्हेरकडे हिवाळ्यात बथुआ येतो, तो आपला चाकवतच. इंदुरास थंडीत गराडू नावाचा कंद तळून, मसाला भुरभुरून खातात. त्याच्या चार फोडी भोगीवर पेरल्या तर आजीने रागावण्याचे कारण नाही. आणि गोव्यात चतुर्थीला होणारे खतखते पाहिले की वाटते, अनेक भाज्या एका भांड्यात नांदविण्याची ही विद्या आपल्या रक्तातच आहे. भाद्रपदातील ऋषिपंचमीची भाजी हीही तिचीच थोरली बहीण. बैलाच्या कष्टाचे काही न घेण्याचा तिचा नेम मात्र वेगळा.

आता गृहिणींसाठी, आणि स्वयंपाकघरात हात घालणाऱ्या पुरुषांसाठीही, थोडे प्रत्यक्षातले. सहा माणसांच्या भाजीला पावट्याचे किंवा पापडीचे दाणे एक वाटी, हरभऱ्याचे सोले एक वाटी, मटार किंवा तुरीचे दाणे अर्धी वाटी, ओले शेंगदाणे अर्धी वाटी, घेवड्याच्या अथवा पापडीच्या मोडलेल्या शेंगा पाव किलो, गाजरे दोन, लहान वांगी पाच-सहा आणि बोरे सात-आठ घ्यावीत. मसाल्याला भाजलेल्या तिळाचे कूट तीन मोठे चमचे, भाजलेले सुके खोबरे दोन चमचे, गोडा मसाला दोन लहान चमचे, बेताचे तिखट, चिंचेचा कोळ दोन चमचे आणि सुपारीएवढा गूळ पुरे. हिंग, मोहरी, हळदीच्या फोडणीत आधी शेंगा आणि दाणे घालावेत, वर झाकण ठेवून झाकणावर पाणी ठेवावे. दाणे अर्धे शिजले की गाजर, मग वांगी आणि शेवटी बोरे. चिंच सर्वांत अखेरीस, दाणे पुरते मऊ झाल्यावर घालावी. आंबट आधी पडले तर दाणे शिजता शिजत नाहीत, कितीही लाकडे जाळा. तिळाचे कूट आणि गूळ घातल्यावर एकच उकळी द्यावी.

हा झाला मूळ साचा. सूनबाईच्या पद्धतीने करावयाची असल्यास हीच भाजी नेहमीपेक्षा वाटीभर रस अधिक ठेवून पसरट भांड्यात ओतावी. बाजरीच्या दोन भाकऱ्यांचा हाताने चुरा करावा, त्यात दोन मोठे चमचे लोणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तीळ चोळावेत आणि हा थर भाजीवर दाबून न बसविता मोकळा पसरावा. १८० अंशांवर २० ते २५ मिनिटांत वरचा थर बदामी होतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत हेच करून, तव्यावर ठेवून, झाकण घालून पंधरा मिनिटे मंद आच द्यावी. वरचा थर तितका खमंग होत नाही. परंतु ज्यांना चावत नाही त्यांना तो अधिक सोयीचा पडतो. बाजरीचे पीठ ताजे दळलेले असावे. तिच्यातील स्निग्धांशामुळे ते लवकर कडवट होते आणि मग दोष भाजीच्या माथी बसतो.

वडोदऱ्याच्या वळणाची हवी असेल तर गाजर कमी करून कंद आणि रताळे घालावे. मेथीचे मुठिये आधी तळून ठेवावेत आणि भाजी उतरविण्यापूर्वी पाच मिनिटे आत सोडावेत, म्हणजे ते रस पितात आणि फुटत नाहीत. गोव्याच्या वळणाची हवी तर फोडणीला रजा द्यावी. भाज्या शिजलेल्या तूरडाळीत घालून ओल्या खोबऱ्याचे वाटण लावावे, आंबटाला चिंचेऐवजी सोले टाकावीत आणि चार-पाच तिरफळे बिया काढून, किंचित ठेचून घालावीत. हिरव्या गोष्टी मडक्यात भाजण्याची सोय अंगणात ज्यांना आहे त्यांनी पोपटीच्या रीतीने नुसत्या शेंगा भाजून, त्या सोलून, तिळकुटात कालवून पाहाव्यात. त्या धुरकट चवीपुढे आमचे सारे गोडे मसाले फिके पडतात.

इतके फेरफार केल्यावर भोगी उरते काय, असा प्रश्न कोणी विचारील. गेल्या वर्षापर्यंत मीच विचारीत होतो. विचारांती मला असे वाटते की, तीळ सुटता कामा नयेत आणि भाजीत शेंगादाण्यांचेच राज्य असावे. ती त्या ऋतूतील असावी. उन्हाळ्यात शीतपेटीतील मटार काढून केलेली भाजी कितीही चविष्ट झाली तरी ती भोगी नव्हे, कारण भोगी म्हणजे त्या दिवशीच्या शिवाराचा उपभोग. याखेरीजचे सारे बदलण्यास वाव आहे, आणि ते आपल्या आधीच्या बायकांनी न बोलता बदललेलेच आहे. आपण ज्याला मूळ पद्धत म्हणतो ती बहुधा आपल्या आईची पद्धत असते. आणि आईने ती आपल्या सासूच्या पद्धतीत फेरफार करूनच सिद्ध केलेली असते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना एक भीती सदैव वाटत असते. भाषा पातळ होते आहे, मुलांच्या तोंडी वेगळे शब्द येत आहेत, मराठी वाचणारे कमी होत आहेत. मग निदान ताटातले तरी जसेच्या तसे राहू द्या, असे मन म्हणते. ही भीती खोटी नाही. मी मराठीचा शिक्षक आहे आणि ती रोज पाहतो. परंतु जपणूक म्हणजे पहारा नव्हे. त्या दुपारी मी भोगीवर पहारा करीत होतो, आणि तिची जपणूक करीत होती एक गुजराती बोलणारी मुलगी. कारण भोगी ज्या घासासाठी असते तो घास आजींच्या मुखात कसा जाईल, याची चिंता तिने वाहिली. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ या म्हणीत दटावणी नाही, काळजी आहे. पानावर बसलेल्यांपैकी कोणी खात नाही काय, इकडे लक्ष ठेवा, एवढेच ती सांगते. आईने माझ्या वांग्याच्या फोडी ताटाच्या मध्यभागी आणल्या त्या याच अर्थाने. मी मात्र पन्नास वर्षे तिचा सूर तेवढा लक्षात ठेवला.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. आमच्या घरी धाकटी माणसे वडिलांना वाकून नमस्कार करतात आणि मग तिळगूळ मिळतो. सूनबाई वाकण्यापूर्वीच मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. ‘गोड बोल’ असे तिला सांगण्याचा अधिकार मी आदल्या दिवशी गमावला होता. म्हणून म्हणालो, “तिळगूळ घे. गोड बोलायचे ते मी.”

तिने हसून लाडू तोंडात टाकला. आई आतून म्हणाली, “आणि त्याला सांग, पुढच्या वर्षी बोरांच्या बिया त्यानं काढायच्या.”

तेव्हा यंदा ते काम माझ्याकडे आहे.